कुणाचा रं तू?

आमच्याकडं अनोळखी पोराला आधी नाव विचारत नाहीत. कोरेगावच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलेला म्हातारा डोळ्यांवर हात धरून पोराकडं बघतो आणि विचारतो, “कुणाचा रं तू?” उत्तरात बापाचं नाव यावं लागतं, आळी यावी लागते, आडनावावरून भावकी कळावी लागते. तेवढं झालं की म्हातारा मान हलवतो. पोराचं स्वतःचं नाव कित्येकदा राहूनच जातं.

हा प्रश्न मी जन्मभर ऐकला. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवताना पहिलीच्या पोरांना मी स्वतःही तो विचारला. पण आमच्या घरात त्याचं उत्तर देणं कधी सोपं नव्हतं. आम्ही ख्रिस्ती. कोरेगाव तालुक्यातल्या मोजक्या ख्रिस्ती घरांपैकी एक. माझ्या पणजोबानं बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून “कुणाचा?” या प्रश्नाला घराचं उत्तर बदललं. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, त्याचा हा इतिहास.

कोरेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला भीमेकाठचं, पुणे जिल्ह्यातलं कोरेगाव आठवतं. आमचं ते नव्हे. आमचं साताऱ्याच्या पूर्वेला. माहुलीला कृष्णेवरचा पूल ओलांडला, जरंडेश्वराचा डोंगर डाव्या हाताला ठेवला की वीसेक किलोमीटरवर. वाघ्या घेवड्याचा मुलूख. पण भीमेकाठच्या त्या विजयस्तंभाशी माझं एक नातं आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं त्यावर कोरली आहेत, आणि त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ‘नाक’ म्हणजे महार. नाव घेताक्षणी ऐकणाऱ्याला कळावं, किती पावलं मागं सरायचं ते. माझ्या पणजोबाच्या नावाला सरकारी कागदात तीच शेपटी होती. लोकांच्या तोंडी तर नाव पुरतं येतही नसे. शेवटी ‘या’ लावून तोडलेलं असे, पाटलाच्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरानंही तसंच हाक मारलेलं.

त्याला कुणी “कुणाचा?” विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: “गावचा.” महार हा गावचा. वेशीवर राखण त्याची, सांगावा घेऊन धावायचं त्यानं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं त्यानं, शिवेचा वाद निघाला की साक्ष त्याची, मेलेलं जनावर ओढायचं त्यानंच. बदल्यात वतनाचा तुकडा, खळ्यावरचं बलुतं आणि संध्याकाळी दारोदार मागून आणलेली भाकरी. म्हातारी माणसं ‘बावन हक्क’ म्हणून हे अभिमानानं सांगत. आजी सांगायची, तिच्या सासऱ्यालाही आधी त्याचा अभिमान होता. मला लहानपणी याचा राग यायचा. आता वाटतं, माणसाला उभं राहायला काहीतरी लागतं. त्याला तेवढीच जमीन दिली होती, तर तो त्याच जमिनीवर ताठ उभा राहिला. वाड्यासमोरून जाताना मात्र वाकून म्हणायचं, “जोहार, मायबाप.”

अमेरिकन मराठी मिशनची माणसं मुंबईत आली 1813 साली. 1831 मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणं केलं आणि पुढं मराठी ख्रिस्ती समाजाची खरी गादी तीच झाली. आमच्या बाजूला सुरुवात महाबळेश्वरात झाली. 1834 च्या सुमारास ग्रेव्ह्ज या मिशनरीच्या बाईंनी तिथं मुलींची शाळा घातली. साताऱ्याचं राज्य 1848 मध्ये इंग्रजांनी खालसा केलं आणि पुढच्याच वर्षी मिशन साताऱ्यात कायमचं वस्तीला आलं. नंतरच्या काळात हेन्री ब्रूस नावाचे मिशनरी साताऱ्यात ‘कोलंबियन प्रेस’ चालवत आणि त्यावर छापलेल्या लहान लहान मराठी पुस्तिका बाजारांतून वाटत. बाजारात पुस्तिका वाटणारे उपदेशक, घराघरांतून बायकांना वाचून दाखवणारी बायबलबाई, आणि एखाद्या वस्तीत झाडाखाली भरणारी शाळा: मिशन म्हणजे आमच्यासाठी एवढंच. गोरा साहेब वर्षातून एखाददा दिसायचा.

पणजोबाचा बाप्तिस्मा 1876-77 च्या मोठ्या दुष्काळानंतरचा. त्यामुळं त्याला काय म्हटलं गेलं असेल ते सांगायला नको. पोटासाठी बाटला. ‘बाटणं’ हे क्रियापद किती क्रूर आहे बघा. पाणी बाटतं, भांडं बाटतं, आणि माणूस बाटतो. महाराला गावानं आधीच बाटलेला धरलं होतं. त्याच्या सावलीनं इतर बाटत होते. तो आणखी बाटणार तो कसा? पण ख्रिस्ती झाल्यावर त्याच गावानं त्याला नव्यानं ‘बाटगा’ म्हटलं.

पोटाचं मी लपवणार नाही. दुष्काळात मिशननं धान्य दिलं, कामं काढली, अनाथ पोरं सांभाळली. भुकेला माणूस अन्न देणाऱ्याच्या दाराशी गेला यात लाज कसली? पण पुढचं आजीनं सांगितलेलं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पाऊस आला, पिकं आली, मिशनचं धान्य थांबलं. तेव्हा पोटाचा विचार करणाऱ्यानं परत फिरायला हवं होतं. कारण पणजोबानं मेलेलं जनावर ओढायचं नाही म्हटल्यावर गावानं त्याचं बलुतं बंद केलं होतं. तो फिरला नाही. मजुरीला गेला, रस्त्याची खडी फोडली. आणि खडी फोडणाऱ्या हातांनी, चाळिशीच्या आसपास, तो मुळाक्षरं शिकला. शाळा लेकरांची होती; हा मागं भिंतीला टेकून बसायचा. हे मला शिक्षिका म्हणून दिसतं. मोठ्या माणसाला लहान पोरांच्या मागं बसून ‘ग गवताचा’ गिरवायला किती धीर लागतो, ते मी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात पाहिलं आहे. पुरुष येतच नसत. आले तरी पाटी मांडीखाली लपवत.

त्यानं जे पहिलं वाचलं ते पवित्र शास्त्र. आमच्या घरी बायबल हा शब्द फारसा नव्हता, ‘शास्त्र’ म्हणत. शास्त्राला ज्यानं हात लावायचा नाही, त्याच्या घरात शास्त्र आलं, तेही त्याच्या भाषेत.

आणि वंदन बदललं. आमच्या मंडळीत एकमेकांना भेटल्यावर ‘सलाम’ म्हणतात. पाळकाला सलाम, पाळकाचाही सलाम. जोहार एका बाजूनंच जायचा, त्याला परत जोहार कधी येत नसे. सलाम परत येतो. नुसत्या एका शब्दाचा हा फरक, पण वाकलेली मान त्यानंच हळूहळू सरळ केली असं मला वाटतं. मराठा भावकीत राम राम, आमच्यात सलाम, आणि पुढं वस्तीत जय भीम. आमच्या एका बोळात तिन्ही ऐकू येतात.

आता साताऱ्याकडं जाते, कारण याच प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेला एक मोठा माणूस शेवटची दोन वर्षं तिथं राहायला आला होता.

नारायण वामन टिळक. जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. चित्पावन ब्राह्मण, कवी, वक्ता, संस्कृतचा अभ्यासक. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशानं त्यांना नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नाव बदललं नाही. नारायण आणि वामन, दोन्ही विष्णूचीच नावं, ती तशीच राहिली. त्यांच्या आधी नगरला ख्रिस्ती झालेले हरी रामचंद्र खिस्ती हे हरीच राहिले, मुंबईचे नारायण शेषाद्री नारायणच राहिले. गोव्यात बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नाव आलं. आमच्याकडं आपलं नाव घेऊन देवापुढं उभं राहता आलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पंडिता रमाबाईंना 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्म्याच्या वेळी मेरी हे नाव मिळालं होतं, पण महाराष्ट्र त्यांना रमाबाई म्हणूनच ओळखतो. इंग्लंडमधल्या ज्या धर्मभगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांनाही रमाबाईंनी बजावलं की एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्याचं घेणार नाही.

टिळकांना काय सोसावं लागलं ते लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलं आहे, आणि त्यांना स्वतःला काय सोसावं लागलं तेही. नवरा ख्रिस्ती झाला, बायको हिंदू राहिली, काही वर्षं दोघं वेगळी. नंतर त्या नगरला आल्या, एकाच संसारात त्यांची वेगळी चूल, वेगळं पाणी. आणि मग एक दिवस, माणसं देवानं केली असतील तर जाती कुणी केल्या, या विचारानं त्यांचं सोवळं आपोआप गळून पडलं. 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईनं मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिलं. बाबा पदमनजींचं ‘अरुणोदय’ हेही मराठीतल्या सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी. मला वाटतं, हा योगायोग नाही. ज्याला गाव, जात, घर सारखं विचारत राहतं “आता तू कोण?”, त्याला आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावीच लागते.

टिळक नगरला मिशनमध्ये राहिले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचा मराठी भाग सांभाळला, भजनं आणि अभंग लिहिले. तुकोबाच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताच्या पायाशी पोचलो असं ते सांगत. पण मिशनचा पगार, मिशनचा बंगला, ‘रेव्हरंड’ ही पदवी, याचं त्यांना ओझं होऊ लागलं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, भगवी वस्त्रं घेतली आणि साताऱ्याला राहायला आले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, जे ख्रिस्ताला गुरू मानतात ते सगळे त्यात बंधू. दरबार म्हणजे जिथं हुद्द्याप्रमाणं जागा ठरते. राजधानीच्या गावात तोच शब्द उचलून त्यांनी देवाला दिला. दोनच वर्षं मिळाली. 9 मे 1919 ला मुंबईत ते गेले. मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं की दहन करावं, आणि स्मारकाच्या दगडावर नावामागं ना रेव्हरंड असावं, ना दुसरी कुठली पदवी. खाली स्वतःचीच एक ओळ हवी होती, आपण अजून पुष्कळ अपुरे आहोत अशा अर्थाची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले. आणि दुसऱ्या दिवशी एक वेगळाच विचार आला, तो आजवर गेला नाही. टिळकांकडं सोडायला पदवी होती. ब्राह्मणपण होतं, ते सोडलं. रेव्हरंडपण होतं, ते सोडलं. माझ्या पणजोबाकडं सोडायला काय होतं? नावामागचं ‘नाक’? त्याला देवाच्या दारात काही उतरवून ठेवायचं नव्हतं. त्याला पहिल्यांदाच काहीतरी मिळत होतं: कुणी न तोडलेलं, पुरं नाव. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकानं त्याचं नाव पूर्ण उच्चारलं, लोकांसमोर, मोठ्यानं. आजी म्हणायची, “त्यो घरी आला आन् दोन दीस कुणाशी बोललाच न्हाय.” एकाच विश्वासानं एकाचं ओझं उतरवलं आणि दुसऱ्याला नाव दिलं. दोघं एकाच पंगतीला बसू शकतात ते या उलट्या वाटांमुळंच.

बसत होते का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा. ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याची बातमी होई, चरित्र निघे, मिशनात त्याला वरची जागा मिळे. नगर भागात मिशनच्या मंडळ्या भरल्या त्या महार-मांगांनी, पण पुस्तकं आहेत ती दुसऱ्यांची. प्रभुभोजनाच्या एकाच प्याल्यातून सगळ्यांनी पिणं ही त्या काळात केवढी क्रांती होती, ते खरं. पण लग्नं जुळवताना प्याला आठवत नसे. आमच्याच नात्यातल्या एका मुलीचं जमलेलं लग्न ‘तुमची मंडळी कुठल्या वस्तीतली’ या प्रश्नावर मोडलं, तेही उपासना संपल्यावर, देवळाच्या पायरीवर. ख्रिस्ताच्या नावानं आपण कोण ते ठरतं असं शिकवणाऱ्या माणसांनीच जगाची फूटपट्टी बाहेर काढली. याचं दुःख मला गावानं दिलेल्या दुःखापेक्षा जास्त आहे.

“कुणाचे तुम्ही?” हा प्रश्न आमच्याच भागातल्या रेल्वेवर आणखी एका घराला विचारला गेला होता. 1901 साली एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा, त्याचा भाऊ आणि त्यांच्या बहिणीचा मुलगा साताऱ्याहून आगगाडीत बसले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांच्याकडं निघाले होते. अंगावर नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या. गाडी आमच्या कोरेगावावरून, रहिमतपुरावरून मसूरला गेली. तिथल्या स्टेशनमास्तरनं कपडे पाहून त्यांना ब्राह्मणाची मुलं समजलं आणि आपुलकीनं चौकशी केली. मुलांनी खरं सांगितलं: महार. तो दचकून मागं सरला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊनही यायला तयार होईनात. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहिला आहे. कपडे, टोपी, बापाचा हुद्दा, काही उपयोगी पडलं नाही. एका शब्दानं सगळं पुसलं गेलं.

त्यांनी शोधलेलं उत्तर वेगळं. 14 ऑक्टोबर 1956 नंतर आमची निम्मी भावकी बौद्ध झाली. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, माझ्या आत्याची सासरची माणसं. त्यांनीही मेलेली जनावरं सोडली, त्यांनीही ‘गावचा’ हे उत्तर नाकारलं. पुढं 1958 च्या कायद्यानं ती वतनंच गेली. त्यांच्या दारात मी पाहुणी कधीच नव्हते. आत्या माझ्या नाताळच्या करंज्या खायची आणि मी तिच्याकडं वैशाखी पौर्णिमेची खीर.

कागद मात्र आम्हाला वेगळं करत राहिला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठरला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे गावानं आम्हाला ज्या जातीमुळं वेशीबाहेर ठेवलं, ती कागदावर आम्हाला नाही; आणि पाणवठ्यावर होती तशीच. काही घरांनी दोन नावं ठेवली, मंडळीत शमुवेल आणि दाखल्यावर दुसरं. मी त्यांना नावं ठेवत नाही. लेकराच्या फीचा प्रश्न समोर असतो तेव्हा धीर कुणाजवळ किती असेल हे मोजायचा अधिकार मला नाही. माझ्या वडिलांनी ते केलं नाही, एवढंच सांगते. एका कचेरीत ते माझ्या शाळेच्या कागदांसाठी गेले, मी बरोबर होते, दहा वर्षांची. कारकून म्हणाला, “ख्रिश्चन म्हणता, नाव मराठी, राहायला त्या वस्तीत. मग तुम्ही नक्की कोण?” वडिलांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “लिहा, ख्रिस्ती. बाकी सगळं त्यातच आलं.” कारकुनाला ते पुरलं नाही. दाखल्यासाठी आणखी तीन चकरा झाल्या.

परवा वडिलांचं शास्त्र काढलं. कापडी पुठ्ठा, पाठ सुटलेली, नोहाच्या तारवाच्या पानावर तेलाचा डाग. पहिल्या कोऱ्या पानावर घराची नावं आहेत, पिढ्यान् पिढ्या एकाखाली एक. सगळ्यांत वर पणजोबाचं नाव, त्याच्याच हातचं. अक्षर मोठं आणि वाकडं, शिरोरेघ दोनदा ओढलेली, शाळेतल्या पोरासारखी. शेपटी नाही, जात नाही, गाव नाही, हुद्दा नाही. जन्मतारखेच्या जागी फक्त ‘दुष्काळाच्या आधी’. त्याखाली आजोबा, वडील, आम्ही भावंडं, भाचरं.

गेल्या महिन्यात भाच्याला मुलगी झाली. तिचं नाव मी लिहायचं असं ठरलंय, घरात माझं अक्षर चांगलं म्हणून. पान भरत आलंय. खाली दोन ओळी उरल्यात. दौत-टाक आता मिळत नाही, पण वडिलांचं फाउंटन पेन मी धुऊन, शाई भरून ठेवलंय.